घर उजेडात दाखवताना

घर विकायचं ठरलं त्या आठवड्यात अण्णांनी पहिलं काम केलं ते म्हणजे घर मोजलं. कागदोपत्री माप होतंच, तीस बाय चाळीस, जे. पी. नगरातल्या निम्म्या घरांचं असतं तेच. अण्णांचा कागदावर विश्वास नाही असं नाही, पण पट्टीवर जास्त. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी कात्र्या, फळ्या, गल्ला, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं होतं. एक लोखंडी मीटरपट्टी तेवढी ठेवली होती. ती घेऊन शहात्तर वर्षांचा हा माणूस कंपाउंडच्या भिंतीलगत, खडूच्या खुणा करत, वाकून वाकून चाळीस फूट पुढे आणि चाळीस फूट मागे गेला. मी शनिवारी पोचले तेव्हा ते हात धुऊन, दोघांची कॉफी करून माझी वाट बघत होते.

"मागच्या बाजूला रुंदी चार इंच कमी आहे," ते म्हणाले. "शेजारच्यांनी भिंत नवी बांधली तेव्हा आत आली असणार. सांगावं लागेल."

"कुणाला?"

"जो घेईल त्याला."

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, अण्णा, अख्ख्या बेंगळुरूत घर घेताना कुणी चार इंच मोजत नाही. त्यावर ते कॉफीत साखर ढवळत म्हणाले, "मी मोजले की."

हे समजायला आमचं दुकान माहीत असावं लागतं. इथल्याच शिवाजीनगरला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं आमचं कापडाचं दुकान होतं. तीन पिढ्यांपूर्वी आमची माणसं इकडे आली, घरात मराठी राहिली आणि गल्ल्यावर कन्नड, उर्दू, तमिळ, गिऱ्हाइकाची असेल ती भाषा. दुकानात दोन नियम होते. पहिला, एकच भाव. आजूबाजूची सगळी गल्ली घासाघीस करून जगत होती आणि आमच्याकडे मात्र भाव सांगितला की सांगितला. दुसरा नियम अण्णांचा स्वतःचा. गिऱ्हाइकाने कापड पसंत केलं की ते ठाण उचलून दाराशी यायचे, उंबऱ्यावर, दिवसाच्या उजेडात. तिथे ते उलगडायचे आणि कुठे सूत तुटलंय, कुठे रंग फिका बसलाय ते स्वतःच बोटाने दाखवायचे. मग विचारायचे, "कापू का?" गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने "कापा" म्हणेपर्यंत कात्री उचलायची नाही. कारण एकदा कापलं की परत घेत नव्हतो. अण्णा म्हणायचे, परत घ्यायचं नसेल तर आधी सगळं दाखवायला हवं, नाहीतर ती लबाडी झाली.

लहानपणी मला याची लाज वाटायची. समोरचा दुकानदार डाग घडीच्या आत ठेवून हसत हसत ठाण विकायचा आणि आमचे अण्णा गिऱ्हाईक हातात आलेलं असताना त्याला दाराशी नेऊन डाग दाखवायचे. गंमत म्हणजे मोठी होऊन मी सॉफ्टवेअर कंपनीत लागले ती टेस्टिंगला. दुसऱ्यांनी केलेल्या कामातले दोष शोधायचे आणि सांगायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी घर विकायची वेळ आली तेव्हा मी समोरच्या दुकानदाराच्या रांगेत जाऊन उभी राहिले, ती कशी ते आता सांगते.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. अण्णा त्या घरात एकटे राहत होते आणि मी वीस मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मीही एकटीच, मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून. रोज सकाळी साडेसहाला मी त्यांना फोन करायची. दुसऱ्या रिंगला उचलला नाही तर मी पायात चपला घालायची. मग एकदा ते टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर चढले आणि उतरताना जिन्यावर घसरले. दूधवाली येईपर्यंत अर्धा तास ते पायरीवर बसून होते. हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून मी धड झोपले नाही, हे खरं.

त्याच सुमारास माझ्या दारासमोरचा फ्लॅट विकायला निघाला. दोन दारांच्या मध्ये फक्त चार पावलांची जागा. मालक परदेशी मुलाकडे चालले होते. ते म्हणाले, तुमच्या वडिलांसाठी असेल तर दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढे दुसरी पार्टी तयार आहे. तो फ्लॅट घ्यायचा तर घर विकायला हवं होतं, आणि दसऱ्याला तीन महिने उरले होते. मी अण्णांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गल्ल्यावरच्या कन्नडमध्ये बरं म्हणाले, "सरी. विकूया." मला वाटलं, झालं काम.

भाव काढायची अण्णांची पद्धत मी जन्मात विसरणार नाही. इंटरनेटवर दहा मिनिटांत दर मिळतो असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी छत्री घेऊन फिरायला सुरुवात केली. गेल्या वर्षा-दोन वर्षांत आसपास जी घरं विकली गेली त्या प्रत्येक घरी ते गेले. ज्यांनी विकली त्यांच्याकडे, आणि ज्यांनी घेतली त्यांच्याकडेही. "विकणारा फुगवून सांगतो, घेणारा दाबून सांगतो," म्हणाले. "दोघांकडे चहा प्यायला की मधलं कळतं." पंधरा दिवस हे चहापान चाललं. शेवटी एका रविवारी त्यांनी मला समोर बसवून एकेक गोष्ट बोटावर मोजली. जागेचा दर इतका. आपलं घर दक्षिणमुखी, इथले लोक दक्षिणमुखी घर घेत नाहीत, म्हणून त्यातून इतके कमी. चार इंचांचे कमी. पश्चिमेच्या खोलीत ओल येते, त्याचे कमी. सम्प, म्हणजे अंगणाखालची पाण्याची टाकी, गळत नाही, त्याचे जास्त. दारं सागवानी, त्याचे जास्त. अशी वजाबाकी-बेरीज होत होत ते दोन कोटी पाच लाखांवर थांबले. माझ्या ऑफिसातही इतक्या निगुतीने अंदाज काढणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तिथे त्यासाठी खास पगार देऊन माणसं ठेवलेली आहेत.

दलाल मात्र हसला. तो कन्नड माणूस, त्याच भागातला, स्वभावाने चांगला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, दोन वीस लावा. लोक वीस ऐकतील, दहा मागतील, मध्ये कुठेतरी जमेल. दोन पाच सांगितलं तर एक नव्वद मागतील. तुमचे वडील देवमाणूस आहेत, पण हा बाजार आहे."

मला ते पटलं. मी अण्णांना विचारून पाहिलं, थोडी जागा ठेवूया का बोलण्यासाठी? ते म्हणाले, "जागा तीस बाय चाळीस. त्यातही चार इंच कमी." म्हणजे विषय संपला. मग मी मूग गिळून बसले आणि दलालाला गुपचूप सांगितलं, दोन पंधरा लाव, भावाचं बोलणं सगळं माझ्याशी करायचं, वडिलांसमोर काढायचं नाही. बापाच्या भल्यासाठीच करते आहे, अशी मी माझी समजूत घातली. ती घालायला फार वेळ लागला नाही.

घर तयार करण्यातही आमची दोन टोकं. मी व्हिडिओ बघून बघून शहाणी झाले होते. भिंतीवरचे फोटो उतरवा, पडदे फिके लावा, दाराशी हिरवं झाड ठेवा. मी रंगारी आणला, हॉल करडा करून घेतला, आईच्या वेळचा प्लास्टिकच्या फुलांच्या तोरणांचा ढीग बाहेर काढला. अण्णांनी हरकत घेतली नाही. रंग त्यांना आवडलासुद्धा. फक्त पश्चिमेच्या खोलीत ओलीवर पुट्टी मारू दिली नाही. "घडीत डाग नको," एवढंच म्हणाले. म्हणून मी रंगाऱ्याकडून आईचं लोखंडी कपाट बरोबर त्या ओलीसमोर सरकवून घेतलं. खोली मोठी दिसते, असं कारण सांगितलं.

अण्णांची तयारी वेगळीच चालली होती. त्यांनी सम्प उपसून घेतला आणि आत दिवा सोडून भिंती पाहिल्या. सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. अठरा किल्ल्या होत्या, प्रत्येकीला कापडाची पट्टी शिवून त्यावर शाईने लिहिलं, मागचं दार, मीटरची पेटी, गच्ची. जिन्याखाली चार नळांच्या तोट्या आहेत, त्यांतली कुठली फिरवली की कावेरीचं, म्हणजे सरकारी नळाचं पाणी वर चढतं आणि कुठली फिरवली की बोअरचं, हे त्यांनी खडूने भिंतीवर काढून ठेवलं. कुणाही नव्या माणसाला पहिल्या दिवशी अडचण येऊ नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मी घर बघायला येणाऱ्यांसाठी सजवत होते, ते राहायला येणाऱ्यांसाठी.

लोक येऊ लागले. काहींनी फाटकाशीच मोबाइलवर दिशा पाहिली आणि दक्षिण कळताच तोंडं फिरवली. एक बिल्डर आला, तो गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, घर मला नकोच, जागा हवी, पाडायचा खर्च तेवढा वजा करा. अण्णा फाटकाला हात ठेवून उभे होते. त्यांनी "बरं" म्हटलं आणि आत येऊन बिजागऱ्यांना पुन्हा तेल घातलं. मला तेव्हा त्या बिल्डरची काच दगडाने फोडावीशी वाटली.

जे आत आले त्यांची तऱ्हा वेगळी होती. अण्णा त्यांना खोल्या दाखवत पश्चिमेच्या खोलीत न्यायचे आणि गिऱ्हाइकालाच म्हणायचे, "स्वल्प हात लावता का?" दोघं मिळून कपाट सरकवायचे आणि ओल उघडी व्हायची. अण्णा तिच्यावर हात फिरवून सांगायचे, पाऊस मोठा झाला की इथवर येते, दोन महिन्यांनी वाळते, मी दोनदा दुरुस्त केली, जमलं नाही. लोक गेले की मी कपाट पुन्हा ओलीसमोर ढकलायची. पुढच्या गिऱ्हाइकाबरोबर ते पुन्हा सरकायचं. त्या काही आठवड्यांत आईचं कपाट जेवढं फिरलं तेवढं ती असताना कधी फिरलं नाही. याबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही.

दसऱ्याला तीन आठवडे उरले असताना नागपूरकडचं एक जोडपं आलं. दोघंही आयटीतली, पाच वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढलेली, बरोबर त्यातल्या मुलीची आई. आईला फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं होत होतं, तिला अंगण हवं होतं. दक्षिणमुखी असण्याचं त्यांना काही नव्हतं. अण्णांनी तिच्या जावयाला कपाटाला हात लावायला लावला, ओल दाखवली, मागे नेऊन चार इंच दाखवले. म्हातारी कंबरेवर हात ठेवून सगळं बघत होती. जाताना तिने परसातल्या कढीपत्त्याची दोन पानं चुरगाळून वास घेतला. तेव्हाच मी ओळखलं, हे लोक घर पाडणार नाहीत. अण्णांनीही ओळखलं असावं. त्या संध्याकाळी ते बऱ्याच दिवसांनी आईबद्दल बोलले.

मग फोनवर माझी घासाघीस झाली. जावई दोन कोटींवरून वर चढला, मी दोन पंधरावरून खाली उतरले आणि आम्ही दोन दहावर भेटलो. मला स्वतःचं कौतुक वाटलं. अण्णांच्या भावापेक्षा पाच लाख जास्त मिळवले, नंतर सांगितलं की खूश होतील, असं मनात म्हणत मी समोरच्या फ्लॅटच्या मालकांना निरोपसुद्धा दिला.

टोकन द्यायला ते तिघं रविवारी सकाळी आले. अण्णांनी इथल्या रीतीप्रमाणे ताटात विड्याची पानं, सुपारी, नारळ, केळी मांडून ठेवली होती. त्या तिघांनी पेढे आणले होते. जावयाने चेक काढला. चेकवर आकडा घालायच्या आधी अण्णा दुकानातल्यासारखे ताठ बसले आणि म्हणाले, "सगळं बघितलंत. दोन कोटी पाच लाख. यात कमी होणार नाही."

जावई माझ्याकडे बघू लागला. "काका, ताईंसोबत आमचं दोन दहाला ठरलं होतं ना?"

"दोन पाच," अण्णा म्हणाले आणि तेही माझ्याकडे बघू लागले.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन दहा मान्य करून आलेल्या माणसाला दोन पाच सांगितलं तर तो आनंदाने उडी मारेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. जावयाने चेकबुक हळूच मिटलं. मुलीची आई म्हणाली, "भाऊ, राग नका मानू. पण पाच लाख कोणी उगीच सोडते काय? काही भानगड असली तर आत्ताच सांगा."

"भानगड नाही," अण्णा म्हणाले. पण ज्या घरात बापाचा भाव एक आणि मुलीचा भाव दुसरा, तिथे भानगड नाही यावर कोण विश्वास ठेवणार. कागद पुन्हा एकदा वकिलाला दाखवतो, असं सांगून ते उठले. पेढ्यांचा पुडा टेबलावरच राहिला.

दसऱ्याला अकरा दिवस होते. मला वाटलं, आता अण्णा ओरडतील. त्यांनी ताटातली पानं एकेक करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, सुकू नयेत म्हणून. मग विचारलं, "तू चढवलेस?"

"दहा लाख," मी म्हटलं. "सगळे चढवतात."

"का?"

आणि मग माझा तोल गेला. मी म्हटलं, मला तुमचे दहा लाख नकोत, दसऱ्याच्या आत घर जायला हवं होतं आणि त्यासाठी बाजाराच्या रीतीने चालणं भाग होतं. तुम्ही जिन्यावर अर्धा तास बसला होता. मी रोज सकाळी साडेसहाला आधी मरते आणि तुम्ही फोन उचलला की जिवंत होते. मला तुम्ही समोर हवे आहात, बाकी मला काही नको. असं बरंच बोलले. रडलेसुद्धा, त्याचा मला जास्त राग आला.

अण्णा ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे मला सांगायचं होतंस. त्यांना दहा लाख कशाला सांगितलेस?"

मी पेढ्यांचा पुडा उचलून आत ठेवला.

त्यांनी मला फोन लावायला सांगितला. मी त्या मुलीला लावला आणि सगळं खरं सांगितलं, भाव वडिलांनी काढला होता तो दोन पाच, वरचे दहा मी माझ्या मनाने चढवले, त्यांना माहीत नव्हतं. दोष शोधण्यात माझी हयात गेली, पण स्वतःचा दोष फोनवर परक्या मुलीला सांगताना जीभ कशी जड होते ते मला त्या दिवशी कळलं. ती सौम्यपणे बोलली. म्हणाली, ताई, तुम्ही सांगितलं ते बरं केलं, वकिलालाही काही सापडलं नाही, पण हे आता घाबरून राहिले आहेत. एकदा मनात पाल चुकचुकली की काय करणार.

अण्णांनी फोन माझ्याकडून घेतला. "या बुधवारी आमच्याकडे पाणी यायचा दिवस आहे," ते म्हणाले. "सकाळी सहाला या. दिवसभर राहा, संध्याकाळी जा. मी नसेन, माझी मुलगीही नसेल. किल्ल्या देतो."

दुकानातही ते असं करायचे, हे मला फोन संपल्यावर आठवलं. लग्नाचं भारी कापड असलं आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंका असली की अख्खं ठाण त्याच्या घरी पाठवायचे. तुमच्या घरच्या उजेडात बघा, घरच्या बायकांना दाखवा, मी तिथे नको. आईची त्यावरून किती बोलणी खायचे. एकदा मात्र एक ठाण परत आलंच नाही. ते गेलेलं एक ठाण अण्णा कधी विसरले नाहीत, पण पाठवणं त्यांनी थांबवलं नाही.

बुधवारी त्यांनी अठरा किल्ल्या त्या म्हातारीच्या हातात दिल्या, नळांची खडूची खूण दाखवली आणि रिक्षाने माझ्या घरी आले. मी त्या दिवशी घरून काम करत होते. दिवसभर माझ्या हॉलमध्ये बसून ते पेपर वाचत होते, निदान मला तसं वाटलं. मी फोनवर दोनदा लोकांवर खेकसले. दुपारचं जेवण तीन वाजता झालं, भात गार. मध्येच तासभर लिफ्ट बंद पडली, तेव्हा ते बाहेर जाऊन समोरच्या बंद दारापाशी बराच वेळ उभे होते. मी विचारलं, काय बघताय? "काही नाही," म्हणाले.

सहा वाजता म्हातारीचा फोन आला. तिने तो मुलीला करू दिला नव्हता. मी स्पीकर लावला.

"भाऊ, दोन गोष्टी तुम्ही सांगितल्या नाहीत," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्यांच्या फोडणीचा धूर येते. आणि मागच्या न्हाणीचं पाणी कोपऱ्यात थांबून राहते, उतार उलटा आहे."

मी डोळे मिटून घेतले. अण्णा मात्र पुढे सरसावून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर दुकानात असताना कधीतरी दिसायचा तो आनंद होता. "उताराचं बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही इतकी वर्षं. धुराचं आमच्या हिला माहीत असणार, मी कधी चुलीपाशी उभा नव्हतो. त्याचे काय कमी करू?"

"काही कमी नका करू. तुमचा भाव तोच राहू द्या. आम्ही घेतो आहोत." मग जरा थांबून, "ती ओल तुम्ही म्हणाले त्याहून कमीच आहे," असंही ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर अण्णा कितीतरी वेळ मान डोलवत होते. "कापड बघता येतं बाईला," म्हणाले. त्या घरासाठी यापेक्षा चांगलं माणूस मी तीन वर्षं जाहिराती देऊनही आणलं नसतं, आणि ते दहा लाख चढवून तर मुळीच नाही. अण्णांचा भाव खरा निघाला, अण्णांची पद्धत खरी निघाली. मला बापाचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवू असं झालं. मी उठले, समोरच्या फ्लॅटची किल्ली मालकांनी दाखवण्यापुरती माझ्याकडे ठेवली होती ती घेतली आणि म्हटलं, चला, आता तुमचं घर बघू, कपाट कुठे ठेवायचं ते ठरवू.

चार पावलं चालून मी दार उघडलं. अण्णा आत आले नाहीत. उंबऱ्यावरच थांबले.

"हे कापड मला कुणी उजेडात दाखवलं नाही," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं. तीन महिने मी सगळ्यांना विचारलं होतं, दलालाला, मालकांना, रंगाऱ्याला. या माणसाला नवं घर एकदाच दाखवलं होतं, भर दुपारी, सगळे दिवे लावून, आणि त्यांनी "सरी, विकूया" म्हटलं त्यालाच मी सगळ्याचा होकार धरून चालले होते. आईचं घर विकायला ते तयार होते. माझ्यासमोर राहायला तयार आहेत का, हे मी विचारलंच नव्हतं.

दिवे न लावता मी त्यांच्याबरोबर उंबऱ्यावर उभी राहिले. म्हटलं, बेडरूमला ऊन येत नाही, दहा वाजेपर्यंत अंधारच असतो. लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी बंद पडते. कढीपत्ता लावायला जागा नाही.

"ते मी आज बघितलं," अण्णा म्हणाले. "पुढचं."

मग मी पुढचं सांगितलं. मी रात्री आठला येते आणि आले की तासभर कुणाशी नीट बोलत नाही. तुमच्या गोळ्या, मीठ, चपला, सगळ्यावरून मी तुम्हाला बोलणार. दार न वाजवता आत येणार. आईसारखं सार मला जमत नाही. आणि हे सगळं तुमच्यासाठी म्हणून मी करते आहे असं सांगत फिरले, पण भीती मला वाटते, तुम्हाला नाही. एकटी मी झाले आहे.

अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं. माझी समजूत घालायला घाईने "छे छे"ही म्हणाले नाहीत. "मी साडेचारला उठतो आणि रेडिओ मोठ्याने लावतो," ते म्हणाले. "तुझी आई आठवली की दोन दोन दिवस बोलत नाही. तेव्हा डॉक्टरकडे न्यायला धावायचं नाही. आणि गच्ची असेल तिथे मी चढणार."

"चढा," मी म्हटलं. "मला सांगून चढा."

त्यांनी दाराच्या चौकटीवरून तळहात फिरवला, ठाणावरून फिरवायचे तसा. जिन्याच्या खिडकीतून थोडा उजेड येत होता, तेवढ्यात ते आत बघत उभे राहिले.

मला जे तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते मी तेव्हा विचारलं. "अण्णा, कापू का?"

दुकानातही लोक इथे थांबायचे आणि अण्णा कधी घाई करायचे नाहीत, म्हणून मीही केली नाही.

"काप," अण्णा म्हणाले.